एकवीस मतांचा हिशेब : कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाच्या प्रतिनिधींना खुलं पत्र

मिल्टन, ऑन्टारिओ
फेब्रुवारी २०२६

प्रति,
राष्ट्रीय परिषद, कॉन्झर्व्हेटिव्ह पार्टी ऑफ कॅनडा
आणि कॅल्गरीच्या अधिवेशनात मतदान केलेले सर्व प्रतिनिधी

स.न.वि.वि.

३० जानेवारीला कॅल्गरीत तुम्ही पिएर पोलिएव्ह यांच्या नेतृत्वाला ८७ टक्क्यांहून जास्त मतं दिलीत. मी तेव्हा मिल्टनमध्ये जेवणाच्या टेबलावर एका ट्रकवाल्याच्या डिझेलच्या पावत्या महिन्यावार लावत बसले होते. फोन वाजला, आकडा वाचला, फोन पालथा ठेवला. पावत्या लावताना डोक्यात एकच गोष्ट घोळत राहिली : या सत्त्याऐंशी टक्क्यांत आमच्या गल्लीतला एकही माणूस नाही.

हे पत्र इंग्रजीत तुमच्या कार्यालयाकडे गेलंच आहे. मराठीत लिहायचं कारण वेगळं आहे. गेल्या एप्रिलच्या निवडणुकीत पक्षाचं निळं पत्रक हातात घेऊन मी आमच्या भागातल्या कितीतरी मराठी घरांची दारं वाजवली. कुणी चहा दिला, कुणी नुसतं ऐकून घेतलं, काहींनी माझ्या शब्दाखातर मतही दिलं. पक्षाबद्दल माझं जे काही म्हणणं आहे ते मी त्यांच्यासमोरच मांडावं, एवढं तरी मी त्यांचं देणं लागते.

मी मूळची विट्याची. वडिलांचं किराणा दुकान होतं आणि गल्ल्याच्या वर ‘आज रोख, उद्या उधार’ अशी पाटी. कर्ज काढून थाटाचं लग्न करणाऱ्याला आमच्या घरात नावं ठेवत. २००४ साली इथे आले, आधी मिसिसागा, मग मिल्टन. छोट्या धंदेवाल्यांचे हिशेब लिहिते, टॅक्स रिटर्न भरून देते. खर्च जपून करा, कर आटोक्यात ठेवा, सरकारने प्रत्येक गोष्टीत नाक खुपसू नये, हे मला कुठल्या पक्षाने शिकवावं लागलं नाही. ते मी विट्याहूनच घेऊन आले होते. म्हणून नागरिकत्व मिळाल्यावर पहिलं मत, २०११ साली, तेव्हाचे पंतप्रधान स्टीफन हार्पर यांच्या पक्षाला, म्हणजे तुम्हालाच दिलं.

२०११ तुमच्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. मिसिसागा आणि ब्रॅम्प्टनमधली एकूण एक जागा पक्षाने जिंकली होती. जेसन केनी तेव्हा इमिग्रेशनमंत्री. मंदिर असो, गुरुद्वारा असो, कुठल्याही समाजाचा सण असो, हा माणूस पंगतीला हजर. लोक थट्टा करायचे, पण ते यायचे, बसायचे, दोन घास खायचे आणि समोरचा काय सांगतोय ते ऐकायचे.

चारच वर्षांत ते सगळं धुऊन निघालं. २०१४ साली दुहेरी नागरिकत्व असलेल्यांचं कॅनडाचं नागरिकत्व काही गुन्ह्यांसाठी काढून घेता येईल असा कायदा झाला. नकाबावर वाद पेटवला गेला. आणि २०१५च्या ऐन प्रचारात ‘रानटी सांस्कृतिक प्रथां’ची खबर द्यायला टेलिफोन लाइन सुरू करू, अशी घोषणा झाली. आमच्यापैकी बहुतेकांचा नकाबाशी काही संबंध नव्हता. तरी ‘रानटी’ हा शब्द ऐकून आमच्या मंडळाच्या कोजागरीत जी शांतता पसरली, ती मला आजही आठवते. त्या वर्षी मी मतदानालाच गेले नाही. मिसिसागा-ब्रॅम्प्टनच्या सगळ्या जागा गेल्या. आणि २०२५मध्येही मिसिसागाच्या सहापैकी पक्षाला मिळालेल्या जागा : शून्य.

ब्रॅम्प्टन वेस्ट मिळाली, यॉर्क भागात काही जागा मिळाल्या, हे मला माहीत आहे. एकूण ४१.३ टक्के मतं मिळाली, पक्ष २००३ साली एकत्र झाल्यापासून इतकी कधी मिळाली नव्हती, हेही माहीत आहे. तुम्ही ती आकडेवारी सांगणार, म्हणून मीच आधी सांगून टाकते. पण १४४ जागा घेऊन आपण विरोधात बसलो आणि १६९ घेऊन लिबरल सरकारात. जानेवारी २०२५मध्ये जनमत चाचण्यांत वीसहून जास्त टक्क्यांची आघाडी असलेला पक्ष एप्रिलमध्ये हरतो, तेव्हा ‘आजवरची सर्वांत जास्त मतं’ हे वाक्य आमच्या धंद्यात चालत नाही. विक्री वाढली आणि दुकान तोट्यात गेलं, असं सांगणाऱ्या मालकाला मी आधी वह्या दाखवायला सांगते.

आता माझ्या मतदारसंघाचं. मिल्टन ईस्ट–हॉल्टन हिल्स साउथ. मतपडताळणीनंतर लिबरल उमेदवार २९ मतांनी पुढे होत्या. फरक हजारात एकाहून कमी, म्हणून न्यायालयीन फेरमोजणी झाली आणि त्या २१ मतांनी निवडून आल्या. एकवीस! गौरी-गणपतीत आमच्याकडे नुसत्या स्वयंपाकघरात याहून जास्त बायका असतात. न्यूफाउंडलंडमध्ये अशाच फेरमोजणीत आपण १२ मतांनी जिंकलो, त्यामुळे मोजणीला किंवा नशिबाला बोल लावायची सोय नाही. त्या एकवीस मतांचा हिशेब माझ्याकडे आहे, जवळजवळ घरानिशी. तोच तुम्हाला सादर करते.

पहिलं घर एका निवृत्त गृहस्थांचं. हॅमिल्टनच्या पोलाद कारखान्यात आयुष्य गेलेलं. दारातच म्हणाले, हार्परना मी दर वेळी मत दिलं, पण या खेपेला नाही. त्यांचं कारण साधं होतं. मार्चमध्ये अमेरिकेने पोलाद आणि अॅल्युमिनियमवर २५ टक्के टॅरिफ लावलं होतं, एप्रिलच्या सुरुवातीला गाड्यांवर. सीमेपलीकडचे राष्ट्राध्यक्ष आपल्या देशाला ५१वं राज्य म्हणत होते. “माझं घर पेटलंय, आणि तुमचा माणूस अजून कार्बन टॅक्सवर बोलतोय,” म्हणाले. मी म्हटलं, पोलिएव्ह यांनीही सांगितलंय की कॅनडा कधीही ५१वं राज्य होणार नाही. ते म्हणाले, सांगितलंय हो, पण सांगताना त्यांना राग आलेला मला दिसला नाही.

यावर मी पुष्कळ विचार केला. राग का दिसला नाही? १५ फेब्रुवारीला ‘कॅनडा फर्स्ट’ म्हणून सभा झाली, झेंडे झाले, शब्द सगळे बरोबर होते. पण सभेत बसलेल्यांपैकी पुष्कळांना ट्रम्प मनातून आवडतात, हे भाषण करणाऱ्याला माहीत होतं, ऐकणाऱ्यांना माहीत होतं आणि टीव्हीवर बघणाऱ्या त्या पोलादवाल्या काकांनाही कळत होतं. इतर पक्षांच्या मतदारांत ट्रम्पचे चाहते शोधावे लागतात. आपल्याकडे ते पहिल्या रांगेत बसतात. देशातला मधला मतदार संतापलेला आणि आपला हक्काचा मतदार अर्धा संतापलेला, अर्धा खूश. अशा वेळी नेता तोलून मापून बोलतो. तोलून मापून बोलणं एरवी गुण असेल, त्या दोन महिन्यांत तो दुबळेपणा वाटला. त्यात मार्चमध्ये अल्बर्टाच्या मुख्यमंत्री डॅनिएल स्मिथ यांची मुलाखत गाजली. पोलिएव्ह यांची दृष्टी अमेरिकेतल्या नव्या दिशेशी बरीच जुळणारी आहे, अशा अर्थाचं त्या एका अमेरिकी उजव्या माध्यमाशी बोलल्या होत्या. लिबरलांना जाहिरातीवर खर्च करायचीही गरज उरली नाही.

त्याच वेळी ऑन्टारिओचे मुख्यमंत्री डग फोर्ड ‘कॅनडा विकाऊ नाही’ लिहिलेली टोपी घालून फिरत होते आणि २७ फेब्रुवारीला सलग तिसऱ्यांदा बहुमत घेऊन आले. तेही आपल्याच वळणाचे. आमच्या गल्लीत फेब्रुवारीत फोर्डना आणि एप्रिलमध्ये लिबरल नेते मार्क कार्नींना मत देणारी किमान सहा घरं मला ठाऊक आहेत. त्यातलं कुणी आठ आठवड्यांत डावं झालेलं नाही.

मार्क कार्नी हे नावही आपल्याला अनोळखी नव्हतं. हार्पर सरकारच्याच काळात ते बँक ऑफ कॅनडाचे गव्हर्नर झाले. १४ मार्चला पंतप्रधानपदाची शपथ घेतली त्याच दिवशी त्यांनी सामान्य ग्राहकावरचा कार्बन कर शून्य करण्याच्या आदेशावर सही केली. आठवड्याभरात भांडवली नफ्यावरची वाढीव करआकारणीही रद्द केली. माझ्यासारख्या हिशेबनिसांनी त्या वाढीव करावरून वर्षभर डोकं खाजवलं होतं, त्यामुळे तो दिवस मी विसरणार नाही. आपला अर्धा जाहीरनामा त्यांनी उचलून नेला आणि आपल्याकडे राहिलं काय, तर ‘अॅक्स द टॅक्स’ म्हणजे ‘कर तोडा’ची जुनी पत्रकं.

टॅक्सवरून आणखी एक सांगते, हे फक्त रिटर्न भरणाऱ्यांनाच दिसतं. ऑन्टारिओतल्या चार जणांच्या कुटुंबाला २०२४-२५ साली कार्बन रिबेट, म्हणजे त्या कराचा परतावा, म्हणून ११२० डॉलर बँकेत जमा होत होते. या रिबेटचा शेवटचा हप्ता २२ एप्रिल २०२५पासून खात्यांत पडू लागला, मतदानाच्या आधी सहा दिवस. तुमच्या सभेतल्या माणसाला तो कर म्हणजे अन्याय वाटत होता. माझ्या समोर बसलेल्या गोदाम कामगाराला तो तीन महिन्यांनी येणारा किराणा वाटत होता. दोघंही आपापल्या जागी बरोबर असतील. पण प्रचार आखताना दुसऱ्याला कुणी विचारलंच नाही.

दुसरं घर आमच्याच नात्यातलं, मिसिसागातलं. तिथे २०२४च्या जुलैत बेसमेंटमध्ये गुडघाभर पाणी होतं, मुलीची पुस्तकं, गाद्या, फर्नेस, सगळं गेलं. वहिनींनी मला एकच प्रश्न विचारला : हवामानबदल खरा आहे असं तुमचा पक्ष मानतो का? मी हो म्हटलं. त्यांनी फोन पुढे केला. मार्च २०२१च्या अधिवेशनात ‘हवामानबदल खरा आहे’ हे पक्षाच्या धोरणात लिहावं का, यावर प्रतिनिधींचं मतदान झालं आणि ५४ विरुद्ध ४६ टक्क्यांनी ते वाक्य फेटाळलं गेलं, ही बातमी. आदल्याच दिवशी नेते एरिन ओ’टूल यांनी हा वाद संपला आहे असं भाषणात सांगितलं होतं. मी वहिनींना म्हटलं, अहो, त्या ठरावात इतरही शब्द होते. त्या म्हणाल्या, “असतील गं, पण मला एवढंच वाक्य दिसतंय.” पेट्रोल-पाइपलाइनच्या बाजूने बोला, मला मान्य आहे. कार्बन कर चुकीचा होता म्हणा, तेही मान्य. पण साधं निदान नाकारणाऱ्या डॉक्टरकडून औषध कोण घेईल? माजी पंतप्रधान ब्रायन मलरोनी आपल्याच परंपरेतले ना? आम्लपावसाविरुद्ध १९९१ साली अमेरिकेशी करार त्यांनी केला.

तिसरी तक्रार लिहिताना माझा हात जरा जड होतो.

२०२० साली ‘सी-२३३’ हे विधेयक पक्षाच्या एका खासदारांनी आणलं. केवळ गर्भाच्या लिंगावरून होणारा गर्भपात डॉक्टरसाठी गुन्हा ठरवावा, असं ते होतं. २ जून २०२१ला ते २४८ विरुद्ध ८२ मतांनी पडलं. बाजूची मतं जवळजवळ सगळी आपल्याच खासदारांची. ऐकायला चांगलं वाटतं ना? मुली वाचवा. मी ज्या राज्यातून आले त्या महाराष्ट्राने गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा कायदा भारतात सर्वांत आधी, १९८८ साली केला. केंद्राचा १९९४ साली आला. ज्या गावांत मुलींची संख्या घटली होती ती गावं मी पाहिलेली आहेत, त्यामुळे या विषयाची थट्टा मी करणार नाही. पण आमच्या कायद्याने धरलं कुणाला? सोनोग्राफी करून लिंग सांगणाऱ्याला. बाईच्या गर्भपाताचा १९७१चा कायदा त्याने मोडला नाही. इथे मात्र चर्चा ऐकताना स्पष्ट कळत होतं, की दार उघडायला आमच्या मुलींचं नाव वापरलं जातंय आणि आत यायचं आहे ते वेगळ्याच गोष्टीला. आमच्या गल्लीतल्या एका कोल्हापूरच्या नर्स बाईंनी दारात मला हेच ऐकवलं. पक्षाच्या धोरणात गर्भपातावर कायदा आणणार नाही असं लिहिलंय, हे मी त्यांना दाखवलं. “मग दर दोन-तीन वर्षांनी कोण आणतं?” म्हणाल्या. मला उत्तर सुचलं नाही. त्यांच्या घरात चार मतं.

हे असं व्हायलाच हवं असंही नाही. मे २०१६मध्ये व्हँकुव्हरच्या अधिवेशनात, विवाह म्हणजे फक्त पुरुष आणि स्त्री यांचा, ही व्याख्या धोरणातून काढावी की नाही यावर मतदान झालं. १०३६ विरुद्ध ४६२ मतांनी ती निघाली. म्हणजे तुम्हाला विश्वासात घेऊन विचारलं, तर तुम्ही देशाबरोबर चालू शकता. मग २०२१ साली काय झालं?

चौथं दार मी वाजवलेलं नाही, ते कार्लटनचं आहे. पोलिएव्ह यांनी वीस वर्षं राखलेला, ऑटवाच्या कडेचा मतदारसंघ. तिथे ते स्वतः हरले. २०२२च्या जानेवारी-फेब्रुवारीत कोविड लसीच्या सक्तीविरुद्ध निघालेला ट्रकांचा ताफा ऑटवात तीन आठवडे भोंगे वाजवत उभा होता, तेव्हा आपल्या अनेक खासदारांनी तिथे जाऊन फोटो काढले. माझे कितीतरी ग्राहक ट्रकवाले आहेत. त्यांतले बरेचसे त्या दिवसांत सीमा अडली म्हणून भाडं बुडालेलं घेऊन बसले होते. त्यांचा फोटो कुणी काढला नाही. मग ऑगस्टमध्ये पोलिएव्ह अल्बर्टातल्या बॅटल रिव्हर–क्रोफुटमधून ८०हून जास्त टक्के मतं घेऊन संसदेत परतले. आता ८० टक्के मिळणाऱ्या मतदारसंघाने नेत्याला सांगायचं काय? आणि २१ मतांनी हरलेल्याचं ऐकायचं कुणी?

माझी नणंद कॅमरोजला असते, त्याच मतदारसंघात. हे पत्र तिला वाचून दाखवलं तेव्हा ती चिडली, आणि तिचं चिडणं मला लिहायलाच हवं. ती म्हणाली, “तुम्ही टोरांटोकडचे लोक आमच्या तेलावर जगता आणि आम्हालाच अडाणी ठरवता. नॉर्दर्न गेटवे पाइपलाइन नाकारली, एनर्जी ईस्ट पाइपलाइन बंद पडली, तेव्हा तुमची गल्ली कुठे होती?” तिचं खरं आहे. पश्चिमेकडच्या माणसाचा राग पोकळ नाही. पक्षाला पैसा तोच देतो, हरलेल्या वर्षांत दिवा तोच तेवत ठेवतो. मी त्याला पक्षातून काढा म्हणत नाही. पण मी नणंदेला विचारलं, २०१९ साली अल्बर्टात ३४पैकी ३३ आणि सस्कॅचवनमध्ये १४पैकी १४ जागा मिळाल्या, देशभरात मतंही लिबरलांपेक्षा जास्त, तरी १२१ विरुद्ध १५७. २०२१ साली पुन्हा मतं जास्त, पुन्हा ११९ विरुद्ध १६०. तुझी पाइपलाइन आली का? ती गप्प बसली, मग म्हणाली, पुरणपोळ्या पाठवशील का.

पाचवी गोष्ट निवडणुकीनंतरची आहे, आणि हे पत्र लिहायला मला बसवलं ते तिनेच. नाशिकचं एक तरुण जोडपं. २०२० साली अगदी कमी व्याजाने घेतलेलं गृहकर्ज २०२५मध्ये दुप्पट दराने नव्याने बांधायचं होतं. त्यांनी आपल्याला मत दिलं, घराच्या किमतींवर पोलिएव्ह बोलले म्हणून. बोलले, आणि खूप चांगलं बोलले. तरुणांची मतं आपल्याला मिळाली ती त्यामुळे. ऑक्टोबरमध्ये त्या मुलीचा फोन आला. तिची धाकटी बहीण वर्क परमिटवर आहे आणि गरोदर, सहावा महिना. “मावशी, बाळ इथे जन्मलं तरी कॅनेडियन होणार नाही, असं तुमचा पक्ष म्हणतोय का?” पक्षाने खरोखरच तसा प्रस्ताव मांडला होता : आईवडिलांपैकी एक तरी नागरिक किंवा कायम रहिवासी असल्याशिवाय केवळ जन्मावरून नागरिकत्व नको. तो संमत झाला नाही. पण मी तिला कोणत्या तोंडाने सांगणार होते, की घाबरू नकोस, आम्ही हरलो?

इमिग्रेशनचे आकडे कमी करा, यावर माझं भांडण नाही. लिबरल सरकारनेच ऑक्टोबर २०२४मध्ये २०२५चा आकडा ५ लाखांवरून ३ लाख ९५ हजारांवर आणला, आणि आमच्या गल्लीने त्याला नावं ठेवली नाहीत. आलेल्यांना घरं नव्हती, हे आम्हीच सर्वांत आधी पाहिलं, आमच्याच बेसमेंटमध्ये. पण किती जण यावेत हा एक प्रश्न आणि इथे जन्मलेलं मूल कुणाचं हा दुसरा. पहिल्यावर देश तुमच्याबरोबर आहे. दुसरा तुमच्या सभागृहात टाळ्या घेतो आणि आमच्या स्वयंपाकघरात भीती पेरतो.

१९५१च्या करारानुसार भारतातून वर्षाला १५० माणसांना कॅनडात येऊन स्थायिक होता येत असे, पुढे ३००. वंशावरून माणूस निवडण्याची ती पद्धत १९६२ साली मोडली एलन फेअरक्लॉ या मंत्र्यांनी, जॉन डीफेनबेकर यांच्या सरकारात. ते प्रोग्रेसिव्ह कॉन्झर्व्हेटिव्ह, म्हणजे तुमच्याच पक्षाच्या पूर्वजाचं सरकार होतं! गुणांवर प्रवेश देण्याची पद्धत १९६७ साली आली ती या पायावर. मी इथे आहे त्याचं थोडं श्रेय तुमच्या घराण्याला आहे. २०११ साली घरोघर मी हे सांगायचे. अलीकडे सांगितलं की लोक मला तारीख विचारतात.

आता मूळ मुद्दा. हे पत्र पोलिएव्ह यांना नाही, तुम्हाला का, ते सांगते. २०२२ साली पंधरा डॉलर भरून मी सभासद झाले आणि नेतेपदाच्या निवडणुकीत ज्याँ शारे यांना मत दिलं. त्यांना १६ टक्के मिळाले, पोलिएव्ह यांना पहिल्याच फेरीत ६८. रडारड नाही, हरले ते हरले. पण त्या निवडणुकीत साधारण ४ लाख १८ हजार मतं पडली, आणि २०२५मध्ये पक्षाला मत दिलं ८० लाखांहून जास्त लोकांनी. म्हणजे वीस मतदारांमागे एकाने नेता निवडला. कॅल्गरीला तर सभासदांनाही मत नव्हतं, फक्त प्रतिनिधींना. जानेवारीच्या थंडीत विमानाचं तिकीट, हॉटेल आणि नोंदणीची फी भरून जो तिथे येतो, तो पक्षावर जीव टाकणारा माणूस असतो. त्याने नेत्याला मत द्यावं यात नवल काहीच नाही.

ओ’टूल यांचं काय झालं तेही आपण पाहिलं. निष्ठावंतांकडून निवडून यायला ते पक्के निळे झाले, देशाकडे मत मागायला मवाळ झाले, आणि २०२२च्या फेब्रुवारीत त्यांच्याच खासदारांनी ७३ विरुद्ध ४५ मतांनी त्यांना घरी पाठवलं. पुढच्या प्रत्येक नेत्याने त्यातून धडा घेतला, की सोवळं मोडू नये. आमच्याकडे सोवळ्यातली बाई स्वयंपाक उत्तम करायची, पण तिला कुणी शिवायचं नाही आणि ती कुणाला शिवायची नाही. पक्षाचं तसं झालंय. नोव्हेंबरात नोव्हा स्कोशियाचे ख्रिस द’आँत्रमाँ गेले, डिसेंबरात मार्कम–युनियनव्हिलचे मायकल मा. दोघंही लिबरल बाकांवर. त्यांना गद्दार म्हणून झालं असेल तर ते कोणत्या भागांतून निवडून आले होते, तेवढं नकाशावर बघा.

माझे वडील महिन्यातून एकदा मला समोरच्या दुकानात पाठवायचे, चार आण्यांची बडीशेप आणायला. बडीशेप आमच्याकडे पोत्याने होती. परत आले की विचारायचे, तिथे कोण कोण होतं? काय घेत होतं? रोजचं गिऱ्हाईक तक्रार करत नाही आणि गेलेलं गिऱ्हाईक कारण सांगायला येत नाही, असं त्यांचं म्हणणं. पक्षाने गेल्या दहा वर्षांत समोरच्या दुकानात कुणाला पाठवलंय?

माझ्या मागण्या अशा :

एक. २०२५च्या पराभवाची कारणमीमांसा लेखी स्वरूपात सभासदांना वाचायला द्या. पाच टक्क्यांहून कमी फरकाने हरलेल्या प्रत्येक मतदारसंघातून, पक्षाला मत न दिलेल्या माणसांना विचारून ती तयार व्हावी.

दोन. नेतृत्वाच्या फेरविचाराचं मतदान यापुढे सगळ्या सभासदांना टपालाने करता यावं.

तीन. हवामानबदलाचं ते वाक्य पुढच्या अधिवेशनात पुन्हा मांडा. या वेळी एकटंच मांडा, पुढे-मागे काही न जोडता.

चार. जन्माने मिळणाऱ्या नागरिकत्वाचा प्रस्ताव मागे घेतला, असं जाहीरपणे सांगा. ‘सध्या विषयपत्रिकेवर नाही’ हे उत्तर मला नको.

पाच. गर्भपाताबाबत धोरणात जे लिहिलंय ते खासदारांनाही लागू करा. नाहीतर धोरणातून काढून टाका, म्हणजे दारात उभं राहून मला खोटं बोलावं लागणार नाही.

पोलिएव्ह यांना काढा, अशी माझी मागणी नाही. तुम्ही त्यांना ठेवलंत, ठेवा. घरांच्या किमतींवर ते जसं बोलले तसं आणखी चार विषयांवर बोलायची त्यांना मोकळीक मात्र तुम्हीच देऊ शकता.

टॅक्सचा हंगाम ३० एप्रिलपर्यंत आहे, तोवर मला मान वर करायला फुरसत नसते. मे महिन्यात तुमच्यापैकी कुणी मिल्टनला येणार असेल तर जरूर कळवा. मी लिहिलेली सगळी दारं स्वतः बरोबर येऊन दाखवीन, चहाही मिळेल. येताना पत्रकं आणू नका.

कळावे,

मिल्टन ईस्ट–हॉल्टन हिल्स साउथमधली एक सभासद